किडनीच्या पेशी ‘वाढल्या’ असं वहीत लिहिण्याआधी

दर जूनमध्ये आमच्या लॅबमध्ये एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी दोन-तीन मुलं येतात, भिजलेल्या छत्र्या व्हरांड्यात पसरून ठेवतात आणि विचारतात, "ताई, सुरुवात कुठून करू?" त्यांतल्या एकाला तरी हाच विषय मिळालेला असतो. शरीरात दाह झाला की एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी जी छोटी प्रथिनं सुटतात, ती साइटोकाइन्स किडनीच्या पेशींची वाढ कशी बदलतात, ते बघायचं. मी इथली टेक्निशियन. फोंड्याहून कदंब बसने येते-जाते, अकरा वर्षं झाली. दर वर्षी तेच तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून यंदा लिहून काढते.

पहिली अडचण प्रयोगाची नाही, शब्दाची आहे. पंगतीत बसून नुसतं "वाढा" म्हटलं तर वाढणारा विचारतो, काय वाढू, भात की खतखतं? पेशींच्या बाबतीत मात्र पोरं सरळ लिहून मोकळी होतात, ‘वाढ झाली’. कसली वाढ? पेशींची संख्या वाढली, की आहेत त्याच पेशी फुगून मोठ्या झाल्या, की संख्या आणि आकार तेच राहून आतला कारभार जोरात चालू झाला? किडनीत या तीन गोष्टी वेगवेगळ्या होतात, आणि एकच साइटोकाइन एक वाढवून दुसरी थांबवू शकतं. पुढचा सगळा खटाटोप या तिन्ही वेगळ्या मोजण्यासाठीच आहे.

कुठल्या पेशी?

किडनी म्हणजे एक पेशी नव्हे. रक्त गाळणाऱ्या केशिकांच्या गुंडाळीत मेसँजियल पेशी असतात, पुढे नळ्यांच्या अस्तराच्या पेशी, आणि त्यांच्या मधल्या जागेत आधाराचे तंतू बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी. निरोप एकच, पण ऐकणारे वेगळे. इंटरल्यूकिन-१ आणि त्याहून जास्त पीडीजीएफ, हे दोन निरोप मेसँजियल पेशींना विभागायला लावतात. टीजीएफ-बीटा हा निरोप नळीच्या अस्तराच्या पेशींना विभाजनापासून रोखतो, पण फायब्रोब्लास्टना जाळं विणायला, म्हणजे कोलॅजन ओतायला लावतो. त्या नावातली गंमतही किडनीतूनच आली आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनिता रॉबर्ट्स आणि मायकल स्पोर्न यांच्या गटाने ते वेगळं काढलं. उंदराच्या (रॅटच्या) निरोगी किडनीतल्या फायब्रोब्लास्ट पेशी मऊ अगारमध्ये एरवी वाढत नाहीत. ईजीएफ या दुसऱ्या वृद्धी-घटकाच्या जोडीला हे दिलं की वसाहती करायच्या. म्हणून नाव पडलं ‘रूपांतर करणारा वृद्धी-घटक’. पुढे कळलं की बहुतेक अस्तर-पेशींसाठी हाच वृद्धी रोखणारा आहे. नावावरून अंदाज बांधू नका, एवढंच.

आमच्याकडे दोन लाइन्स आहेत, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवता येणाऱ्या पेशी. एचके-२ ही माणसाच्या किडनीतल्या सुरुवातीच्या नळीच्या पेशींची, १९९४मध्ये जाहीर झालेली लाइन. आणि एनआरके-५२ई ही उंदराची. मुलांना माणसाचीच हवी असते, कारण प्रबंधात भारी दिसतं. पण एचके-२ला अमर केलं आहे ते पॅपिलोमा विषाणूच्या ई६ आणि ई७ या जनुकांनी. ई६ पी५३ला संपवतं, ई७ आरबी प्रथिनाला अडकवतं. म्हणजे पेशीचे दोन्ही ब्रेक आधीच ढिले. आणि टीजीएफ-बीटा विभाजन थांबवतं ते मुख्यतः आरबीच्याच ब्रेकवर पाय ठेवून. तेव्हा एचके-२वर टीजीएफ-बीटाने वाढ थांबली नाही, तर ‘किडनीत थांबत नाही’ असं लिहू नका. ब्रेक काढलेल्या गाडीत ब्रेक दाबून बघितला, एवढंच त्यातून कळतं. वाढीचा प्रश्न असेल तर मी एनआरके-५२ई घ्यायला सांगते, किंवा जमलं तर ताज्या किडनीतून काढलेल्या प्राथमिक पेशी. जळजळीचे निरोप, उदाहरणार्थ टीएनएफ या साइटोकाइनने एनएफ-कप्पा-बी हे दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होणं, हे बघायला एचके-२ चांगली. तिच्यात विषाणूची जनुकं आहेत, तेव्हा जैवसुरक्षेची दुसरी पातळी पाळायची. हूडबाहेर, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटाबाहेर, फ्लास्कचं झाकण उघडायचं नाही.

उंदराच्या पेशी घेतल्या की प्रजातीचा हिशेब आला. टीजीएफ-बीटा१ माणसाचं असलं तरी उंदरावर चालतं, दोघांचं जवळपास सारखंच आहे. माणसाचं इंटरल्यूकिन-६ही चालतं. उलटं, उंदराचं माणसावर, चालत नाही. माणसाचं टीएनएफ लहान उंदराच्या (माउसच्या) एकाच रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, नीट धरतं, दुसऱ्याला नाही. इंटरफेरॉन-गॅमा तर अगदी हट्टी, आपल्याच जातीचं लागतं. मागवण्याआधी हे बघा. मागवल्यावर बघून उपयोग नसतो.

साइटोकाइन सांभाळणं

जुलैत मागवू नका. एका वर्षी आमचं पार्सल घाटात दरड कोसळल्याने अडकलं, पाच दिवसांनी आलं तेव्हा खोक्यात ड्राय आइसचा खडासुद्धा नव्हता, नुसता ओला पुठ्ठा. कुरियरवाल्याने "सील तर शाबूत आहे ना" म्हणून सही मागितली. सुकवलेल्या पावडरीच्या कुपीने पुढे व्यवस्थित काम केलं. तयार द्रावणाच्या कुपीने काहीही केलं नाही, आणि ते कळायला मला तीन आठवडे गेले. तेव्हापासून पावडरच, आणि मे संपायच्या आत.

पावडर विरघळवताना कुपी आधी हलकी फिरवून तळाशी आणा, ती दिसतही नाही इतकी थोडी असते. नुसत्या पाण्यात विरघळवलीत तर प्रथिन प्लास्टिकला चिकटून बसतं, म्हणून सोबत ०.१ टक्का बोव्हाइन अल्ब्युमिन. टीजीएफ-बीटासाठी ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यातही अल्ब्युमिन. लगेच १०-१० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८०ला. एक नळी एकदाच वितळवायची. "ताई, अर्धी उरली, परत ठेवू?" नाही. टाकून द्या, जीव तुटला तरी.

मात्रा नॅनोग्रॅममध्ये असते आणि इथेच शून्यं हरवतात. स्टॉक १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल आणि प्लेटवर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम हवं असेल, तर हजारपट पातळ करायचं: १० मिलिलिटर मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रावणात, १० मायक्रोलिटर. टीएनएफ आणि टीजीएफ-बीटासाठी १ ते १० नॅनोग्रॅम ही नेहमीची रेंज. ०, ०.१, १, १० असे टप्पे घ्या. एकाच मोठ्या मात्रेवर विसंबू नका. शरीरात इतकं साइटोकाइन क्वचितच एका जागी साचतं.

साइटोकाइन जिवंत आहे का, हे वाढीवरून ठरवू नका, त्याला दोन-तीन दिवस लागतात. टीएनएफ दिल्यावर अर्ध्या तासात पी६५ हा एनएफ-कप्पा-बीचा भाग केंद्रकात शिरलेला दिसतो. टीजीएफ-बीटाने साधारण तासाभरात स्मॅड२ या त्याचा निरोप आत नेणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढतो. एक स्लाइड किंवा एक ब्लॉट, की खात्री झाली. माझे ते तीन आठवडे अशाने वाचले असते.

पेशी मोजून पेरणं

हे हळू करा. इथे चुकलेलं पुढे कुठेच दुरुस्त होत नाही.

फ्लास्कमधलं मीडियम काढा, फॉस्फेट बफरने दोनदा धुवा, मग ट्रिप्सिन, म्हणजे पेशी तळापासून सोडवणारं विकर. सीरमचा, म्हणजे मीडियममध्ये घातलेल्या रक्तद्रवाचा, थेंब जरी राहिला तरी ट्रिप्सिन गप्प बसतं, म्हणून ते धुणं. फ्लास्क ३७ अंशांवर ठेवा आणि मिनिटा-मिनिटाने मायक्रोस्कोपखाली बघा. आधी पेशींच्या मधल्या भेगा रुंदावतात, मग कडा गोल होतात, मग तळहाताने फ्लास्कच्या बाजूला एक हलकी चापटी मारली की पावसाने माती वाहून जावी तशा सगळ्या तळ सोडून सरकतात. सरकल्या की लगेच सीरमवालं मीडियम. पाच मिनिटं झाली तरी चिकटून असतील तर ट्रिप्सिन जुनं आहे. जास्त वेळ देऊ नका, नवीन काढा.

पिपेटने दहा-बारा वेळा वर-खाली करून गठ्ठे मोडा. ट्रायपॅन ब्लू आणि पेशी समसमान मिसळा, न्यूबॉरच्या काचेवर सोडा. मेलेल्या पेशी निळ्या, जिवंत चकचकीत. चार कोपऱ्यांच्या मोठ्या चौकोनांत जिवंत १८४ भरल्या, तर सरासरी ४६. दुप्पट पातळ केलं म्हणून गुणिले २, आणि गुणिले १०,०००. म्हणजे मिलिलिटरला ९,२०,०००. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटरमध्ये ३,००० पेशी हव्यात, म्हणजे मिलिलिटरला ३०,०००. दहा मिलिलिटरला ३ लाख, त्यासाठी ३२६ मायक्रोलिटर. रेषेवरच्या पेशी दोन बाजूंच्या धरायच्या, दोन बाजूंच्या सोडायच्या, आणि कुठल्या दोन ते रोज बदलायचं नाही.

जास्त दाट पेरलंत तर तिसऱ्या दिवशी पेशी एकमेकींना टेकून आपोआपच थांबतात आणि तुम्ही ते साइटोकाइनच्या नावावर टाकता. कडेच्या सगळ्या वेल्समध्ये नुसता बफर भरा, तिथलं पाणी आधी उडतं. सोबत २४ वेलची एक प्लेटही पेरा, वेलमागे २०,००० पेशी. ती नंतर प्रत्यक्ष मोजायला लागेल. बहुतेक मुलं ही प्लेट टाळतात.

उपाशी ठेवणं, मग निरोप देणं

दुसऱ्या दिवशी सीरम अर्ध्या टक्क्यावर आणा आणि २४ तास थांबा. पेशी साधारण एकाच टप्प्यावर येतात, आणि दुसरं म्हणजे सीरममध्येच टीजीएफ-बीटा सुप्त अवस्थेत भरपूर असतं. एचके-२च्या सीरमविरहित मीडियममध्ये ईजीएफ घातलेलं असतं. तेही वाढीचाच निरोप आहे, हे लक्षात ठेवा. आई रोज विचारते, "आज तुझ्या पेशींना जेवण घातलंस ना?" त्या दिवशी मी सांगते, "आज त्यांची एकादशी."

मग साइटोकाइन. प्रत्येक मात्रेच्या तीन वेल्स. एक रांग काहीच न घातलेली. एक रांग फक्त ज्यात साइटोकाइन विरघळवलं त्या द्रावणाची, आम्ल आणि अल्ब्युमिनसकट. आणि एक रांग १० नॅनोग्रॅम ईजीएफची, म्हणजे पेशी मुळात वाढू शकतात हे दिसावं. २४, ४८ आणि ७२ तास. आणि हे तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या पॅसेजमधल्या, म्हणजे नव्या फ्लास्कमध्ये लावण्याच्या वेगळ्या फेरीतल्या, पेशींवर. एकाच प्लेटच्या तीन वेल्स म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. यावर दर वर्षी एक तरी भांडण होतं.

एक रांग अजून, जी मी अनुभवाने वाढवली. काही कुपींत जिवाणूंचं एंडोटॉक्सिन अंशमात्र राहिलेलं असतं, कारण ही प्रथिनं बऱ्याचदा ई. कोलायमध्येच तयार करतात. नळीच्या पेशींवर टीएलआर-४ रिसेप्टर असतो, त्या एंडोटॉक्सिनलाही दाहाचाच निरोप समजतात. उपाय सोपा आहे: थोडं टीएनएफ पंधरा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा आणि तेच एका रांगेला द्या. टीएनएफ उकळून मरतं, एंडोटॉक्सिन मरत नाही. उकळलेल्याचाही तितकाच परिणाम दिसला तर तुमचा निकाल टीएनएफचा नाही. टीजीएफ-बीटाला मात्र ही युक्ती लावू नका. ते आम्ल आणि उष्णता दोन्ही पचवतं. उलट उष्णतेने सुप्त असलेलं जागंच होतं. त्याच्यासाठी त्याचा रिसेप्टर बंद करणारं एसबी-४३१५४२ वापरा.

इंटरल्यूकिन-६ घेणाऱ्यांना एक सूचना. त्याचा स्वतःचा रिसेप्टर मोजक्याच पेशींवर असतो. जीपी१३० हा जोडीदार मात्र सगळीकडे. म्हणून नुसतं इंटरल्यूकिन-६ देऊन काही झालं नाही तर विरघळणारा रिसेप्टर सोबत देऊन बघा. दाहात तो रक्तात खरोखरच फिरत असतो.

निकाल वाचणं

इथे माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी मी एनआरके-५२ईवर टीजीएफ-बीटा दिलं आणि ४८ तासांनी एमटीटी केली. पिवळं एमटीटी जिवंत पेशी जांभळं करतात, चार तासांनी डीएमएसओत विरघळवून ५७० नॅनोमीटरवर वाचायचं. आकडे कंट्रोलइतकेच, म्हणजे साइटोकाइन न घातलेल्या वेल्सइतकेच आले. वहीत ठळक लिहिलं, ‘वाढीवर परिणाम नाही’. मॅडमनी वही बघितली, काही बोलल्या नाहीत, मायक्रोस्कोपकडे बोट दाखवलं. कंट्रोलमध्ये पेशी फरशीसारख्या लहान-लहान आणि गच्च. टीजीएफवाल्या वेलमध्ये ऐसपैस पसरलेल्या, अंगाने मोठ्या, आणि मध्ये मोकळं अंगण. "मोज," म्हणाल्या. ट्रिप्सिन घालून मोजल्या तर संख्या जवळपास दोन-तृतीयांशच भरली. पेशी कमी, पण प्रत्येक पेशी मोठी आणि कामाने जड. जांभळा रंग सारखाच. एमटीटी संख्या मोजत नाही, आतला कारभार मोजते, आणि साइटोकाइन्स नेमका तो कारभारच बदलतात.

म्हणून २४ वेलची प्लेट. दर वेळी तिच्यातून प्रत्यक्ष मोजणी, निळ्या आणि चकचकीत वेगळ्या. मग संख्येने भागलेलं एकूण प्रथिन काढा. पेशीमागे प्रथिन वाढलं असेल तर ती आकाराची वाढ.

विभाजन बघायला ईडीयू किंवा बीआरडीयू, म्हणजे पेशी नवीन डीएनए बनवते का ते. आणि केआय-६७ हा रंग, पेशी विश्रांतीत नाही एवढं तो सांगतो. पण दोन्ही चमकल्या म्हणजे पेशी दोन झाली असं नाही. २०१०मध्ये किडनीचे संशोधक जोसेफ बॉनव्हेंत्र यांच्या गटाने लहान उंदरांत दाखवलं की किडनीला जबर इजा झाल्यावर नळीच्या बऱ्याच पेशी डीएनए दुप्पट करून विभाजनाच्या उंबरठ्यावरच अडकतात, आणि अडकलेल्या असताना टीजीएफ-बीटासारखे निरोप सोडत बसतात, ज्यातून व्रणासारखे तंतू तयार होतात. तशा पेशी केआय-६७ला चमकतात, पण संख्या वाढत नाही. हे पकडायचं असेल तर प्रोपिडियम आयोडाइड या रंगाने फ्लो सायटोमीटरवर एकेका पेशीतलं डीएनएचं प्रमाण बघा. दुप्पट डीएनएचा डोंगर उंच आणि मोजणी मात्र तेवढीच, तर तुमच्या पेशी उंबरठ्यावर अडकल्यात.

जोडीने दिलेले निरोप

शरीरात एकटं साइटोकाइन कधी नसतं. नळीच्या पेशींना टीएनएफ एकटं दिलं तर बहुधा मरत नाहीत, कारण त्याच निरोपाने एनएफ-कप्पा-बी जागं होऊन वाचवणारी प्रथिनंही बनतात. ती बनू दिली नाहीत, म्हणजे सोबत प्रथिनं बनणं थांबवणारं सायक्लोहेक्झिमाइड घातलं, तर मरतात. त्याच घराण्यातलं ट्वीक त्याहून चमत्कारिक. एकटं दिलं तर नळीच्या शांत पेशी विभागू लागतात. टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा सोबत असले, की तेच ट्वीक त्यांना मरणाकडे ढकलतं. तेव्हा वेळ असेल तर एक प्लेट फक्त जोड्यांसाठी ठेवा, आणि ‘अमुक साइटोकाइन वाढवतं’ या वाक्यात कुठल्या पेशीत, किती दाट, कशाच्या सोबत, किती तासांनी, हे सगळं लिहा. वाक्य लांब होऊ दे.

बसमध्ये ओळखीचे लोक विचारतात, "काणकोणात इतक्या लोकांच्या किडन्या का जातात, ते तुमच्या लॅबमध्ये कळलं का?" मामेबहिणीच्या घरचे डायलिसिसला जातात, त्यामुळे प्रश्न मलाही टोचतो. पण मी नाहीच म्हणते. प्लास्टिकवर वाढवलेल्या उंदराच्या पेशींनी काणकोणच्या माणसाबद्दल काही सांगितलं, असं पोस्टरवर लिहायला मी कुणाला देत नाही.

पाऊस आणि चवथ

पावसात सगळ्यात मोठा शत्रू बुरशी. इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये कॉपर सल्फेट, दर आठवड्याला ट्रे धुवायचा, ओली छत्री आणि पुठ्ठ्याचे खोके कल्चर रूमच्या दाराबाहेर. वीज गेली तर इन्क्युबेटर उघडून बघायचा नाही. बंद राहिला तर बराच वेळ ऊब धरतो. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची पीसीआर महिन्यातून एकदा. तो दिसत नाही, मीडियम गढूळ करत नाही, पण वाढही बिघडवतो आणि एमटीटीही.

चवथीला निदान पाच दिवस कुणी फिरकत नाही, आणि पेशींना कोण जेवण घालणार? आठवडाभर आधी, पेशी प्लेटभर होण्याच्या जरा अलीकडे असताना गोठवा: ९० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ, कुपीमागे दहा लाख. आयसोप्रोपेनॉलच्या डब्यात घालून उणे ८०ला रात्रभर, म्हणजे मिनिटाला साधारण एक अंशाने थंड होतील, मग द्रव नायट्रोजन. कुपीवर लाइन, पॅसेज नंबर, तारीख, आणि नाव पेन्सिलने. मार्कर नायट्रोजनमध्ये उडतो. परत आल्यावर ३७ अंशांच्या पाण्यात झटपट वितळवा, डीएमएसओ लगेच धुवून काढा, आणि पहिले दोन पॅसेज त्यांच्यावर कुठलंही साइटोकाइन घालू नका.